नदीतून दिसलेलं गाव

आमचं नदीकाठचं गाव एवढंसं. परवा सकाळी शेजारच्या मालतीकाकू पाठीला भोपळा बांधून पाण्यात उतरल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी घाटावर धुणी धुतली, पण पाणी कधी गुडघ्यावर चढू दिलं नव्हतं. सून त्यांना पोहायला शिकवत होती.

"आई, सोडा आता माझा हात!"

काकूंनी डोळे मिटून हात सोडला आणि त्या तरंगल्या! आम्ही बायकांनी धुणी टाकून टाळ्या पिटल्या. जिच्या काठावर जन्म काढतो, तिच्याजवळ जायला आपण किती उशीर करतो, असं मला वाटलं.

सुनेसोबत बऱ्याच आत गेल्यावर काकूंनी वळून घाटाकडं, कौलांवरच्या धुराकडं पाहिलं.

"अगं, आपलं गाव इथनं किती छान दिसतंय! या की!"

मलाही पोहता येत नाही. पदर खोचून मी कमरेपर्यंत उतरले.