भाट्याच्या कावळ्यांशी वैर

चहा घ्या, भजी घ्या, पण मला पुन्हा भाट्याला चला म्हणून आग्रह करू नका. हवा उत्तम, माणसं त्याहून उत्तम. वाकडं आहे ते माझं आणि तिथल्या कावळ्यांचं. हसताय काय? ऐका तरी!

त्या वर्षी माझं डोकं सारखं ठणकायचं. पुण्याचे आमचे डॉक्टर म्हणाले, "औषधं पुरे. समुद्रकाठी निवांत जागा बघा आणि पडून राहा." एका मित्राने रत्नागिरीच्या खाडीपलीकडचं भाट्ये सुचवलं. तिथे माई म्हणून एक बाई समुद्राकडची पडवी हवापालटाला येणाऱ्यांना देत. घरात त्या, मुलगा भाऊ आणि सून. यजमान आबा जाऊन वर्ष होत आलं होतं.

वळकटी घेऊन तरीतून उतरलो. पुढे समुद्र, मागे माड, आवाज म्हणाल तर लाटांचा. वाटलं, स्वर्ग म्हणतात तो हाच!

दुसऱ्या दिवशी उजाडतंय न उजाडतंय तोच स्वर्गात बोंबाबोंब! पलीकडे वाळूवर मासळी सुकत घातलेली, त्यामुळे गावचे झाडून सगळे कावळे आमच्या माडांवर. काव काव काव! त्यापेक्षा पुण्याची मंडई बरी.

"माई, शांतता म्हणतात ती इथे असते कधी?"

"कावळे हो ते, ओरडायचेच," माई म्हणाल्या. "कानटोपी घाला, सांगत्ये ना."

कानटोपी घातली. शिवाय पेरूची फांदी तोडून बेचकी केली! एवढा घोडा झालेला मी, रोज सकाळी कावळ्यांवर खडे मारत बसायचो. नेम असा की कावळा सोडून बाकी सगळं लागायचं. कौलं फुटली, सुनेचं मडकं फुटलं. माई म्हणायच्या, "असू दे हो, पाहुणे आहेत." पण कावळे समजायचं ते समजले. पुढे पुढे तर बेचकीचीही गरज उरली नाही. मी नुसता अंगणात आलो की माड रिकामे! डोकं ठणकायचं थांबलं. मी स्वतःवर जाम खूश.

आणि आबांचं वर्षश्राद्ध आलं.

भटजींनी कावळ्याचं पान अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवलं. कावळ्याने घास घेतल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. मी हात जोडून अगदी पुढे उभा. इतकं खाल्लं होतं त्या घरचं, मागे राहणं बरं दिसतं का? कावळे लांब सुरूच्या झाडांवर बसून नुसते बघत होते. एक येईल तर शपथ!

"आबांचं मन कशात तरी अडकलंय," भटजी म्हणाले.

भाऊ पुढे झाला. "आबा, शेजारच्या नानांशी भांडण मिटवतो. त्यांना आपल्या विहिरीवर पाणी भरू देईन."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" नाना मागून ओरडले.

कावळे ढिम्म. सून म्हणाली, "मामंजी, मी सासूबाईंना उलटून बोलणार नाही." सगळ्यांनी मोठ्या आशेने सुरूकडे पाहिलं. छे!

ऊन चढलं. भटजींनाही भूक असतेच. "दर्भाचा कावळा करून शिववू या, माई. चालतं तसं."

"नको. गवताच्या कावळ्याला यांच्या मनातलं काय कळणार?" माई आत गेल्या आणि फणसपोळीचा तुकडा घेऊन आल्या. तो त्यांनी पानावर ठेवला. "शेवटच्या दिवशी एवढंच मागितलं हो यांनी. वैद्य नको म्हणाले, म्हणून मी दिलं नाही. घ्या आता. किती रागवायचं ते?"

एक कावळा निघाला. घिरटी घालत खाली आला, मला बघितलं आणि किंचाळून माघारी फिरला.

अरे देवा! ती माउली पदराने डोळे पुसत होती, आणि आबांचा राग म्हणून ज्यासाठी रडत होती तो राग माझ्यावरचा, कावळ्यांचा!

"माई," मी म्हटलं, "आबा रागावलेले नाहीत. हे सगळं माझ्या बेचकीमुळे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग उभे काय राहिलात? लांब जा की हो!"

मी धोतर सावरत वाळूवरून पळालो तो पार खाडीच्या तोंडाशी. मागून आरोळी आली, "शिवला! शिवला!" भाऊने मागाहून सांगितलं, कावळ्याने आधी फणसपोळीच उचलली आणि माई लहान पोरीसारख्या रडल्या. नानांनी तर भटजींचं जेवण व्हायच्या आत विहिरीवर घागर आणली!

माईंनी मला वावगा शब्द ऐकवला नाही. उलट वाढताना वडा जास्तच घातला.  त्या बाईला मी उगाच रडवलं हो, त्याचं वाईट आजही वाटतं.

म्हणून मुलांना बजावून ठेवलंय: माझं दहावं पुण्यातच करा, कोकणात नको. आणि कावळ्यांचं काय सांगावं, एखादा तिकडून आलेलाही असायचा. तेव्हा पिंडाजवळ माझा फोटो तेवढा ठेवू नका!