वल्लूरू वीरनच्या पानातलं डांगर

छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाजवळ किस्से का साठतात, सांगू? लोक आपली गुपितं स्वतःच्या पायांनी तिथे घेऊन येतात. लग्नपत्रिका असो, कोर्टाची नोटीस असो, शाळेचा पेपर असो, जगाला कळायच्या आधी ते खिळे जुळवणाऱ्या आम्हा कंपॉझिटरांना कळलेलं असायचं. आणि आम्ही तोंडातून ब्र काढायचा नाही, ही धंद्याची रीत. आता छापखानाही राहिला नाही आणि मालकही राहिले नाहीत, तेव्हा बोलायला हरकत नाही.

*

कुंभकोणमची गोष्ट. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे मालक मुदलियार. त्यांचा मेहुणा मद्रासहून एक विलायती चित्रांचं पुस्तक घेऊन आला. त्यात तोंडावर मुखवटा लावलेला एक माणूस इमारतींवरून उडायचा आणि दिवसा साळसूदपणे ऑफिसात बसायचा. मुदलियार म्हणाले, असला वीर आपणही काढू, तमिळमध्ये, महिन्याला एक अंक.

चित्रं काढायला सेतुराव. हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर. आमच्यासारखेच तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर आलेल्या घराण्यातले राव. घरात मराठी, आणि उंबरा ओलांडला की तमिळ.

वीराचं नाव ठरलं वल्लूरू वीरन. वल्लूरू म्हणजे ससाणा. पण दिवसा हा ससाणा कोण? मुदलियारांना तो वकील हवा होता. सेतुराव म्हणाले, "वकिलाकडे सगळं गाव बघतं. विड्याच्या पानांच्या वखारीतल्या कारकुनाकडे कोण बघतो?" झालं. वल्लूरू वीरन दिवसा झाला कन्नैय्या, पानं मोजणारा, अजून नोकरीत कायम न झालेला, म्हातारीचा एकुलता एक.

विलायती वीराचा झगा पार टाचेपर्यंत होता. एवढा काळा रंग भरायचा म्हणजे शाईचा डबा एका अंकात संपणार. मुदलियार दर अंकाला झगा वीतभर कापायचे. चौथ्या अंकात आमचा वीर खांद्यावर पंचा टाकून उडाला. वाचकांनी कळवलं, आता कसा आपला वाटतो!

*

सेतुरावांचं नाव मात्र अंकावर कुठेच नव्हतं. कारण त्यांचे हेडमास्तर.

हेडमास्तर म्हणजे जमदग्नी. चित्रांच्या पुस्तकांनी पोरं बिघडतात, हे त्यांचं ठाम मत. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी जाहीर केलं होतं, की पोराकडे असलं पुस्तक सापडलं तर छडी, आणि शिक्षकाचा त्याच्याशी संबंध दिसला तर त्याला घरी पाठवीन. सेतुराव अकरा वर्षं टेंपररी. त्या वर्षी त्यांना कायम करायचा कागद निघाला होता आणि त्यावर सही लागत होती हेडमास्तरांची. घरी बायको, दोन मुली आणि म्हातारी आई. आईलासुद्धा सांगून ठेवलेलं, संध्याकाळी ट्यूशनला जातो.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, सोडून द्या हे. कायम झालात की पुन्हा धरा."

सेतुराव म्हणाले, "भीमू, शाळेत मी अकरा वर्षं पेरू काढतोय. पेरू आणि लोटी. इथे निदान माणूस उडतो."

*

शेजारच्या साक्कोट्टै गावाचा किस्सा तर ऐकाच. आमचा कन्नैय्या कपडे बदलून वीर व्हायचा तो साक्कोट्टैच्या देवळामागे, चिंचेच्या झाडाआड. सेतुराव प्रत्यक्ष जाऊन झाड बघून आले होते, हुबेहूब काढलं होतं. दोन अंक निघाले आणि तिथल्या देवळाचे गुरुजी घामाघूम होऊन छापखान्यात हजर. म्हणाले, संध्याकाळ झाली की निम्मं गाव चिंचेखाली येऊन बसतं. देवळात आरतीला मी आणि नंदी. तुमच्या माणसाला दुसरीकडे कपडे बदलायला सांगा.

मुदलियार समजावू लागले, अहो, तो कागदावरचा माणूस आहे. गुरुजी म्हणाले, "कागदावरचा असो नाहीतर कसला असो, पलीकडच्या तिरुविसनल्लूर गावात जागा पुष्कळ आहे." आम्ही तिसऱ्या अंकापासून कन्नैय्याला तिरुविसनल्लूरला नेलं. गुरुजींनी प्रसादाचा द्रोण पाठवला. तो पोचता करणाऱ्या माणसाने हळूच विचारलं, तिरुविसनल्लूरला नक्की कोणत्या झाडामागे?

*

एकदा हेडमास्तरांनी पोरांकडून पाच-सहा अंक जप्त केले आणि थेट ड्रॉइंगच्या तासाला घेऊन आले. सेतुरावांना म्हणाले, राव, ही चित्रं किती वाईट आहेत ते पोरांना फळ्यावर काढून दाखवा.

हेडमास्तर मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. सेतुरावांनी खडू घेतला आणि पाऊण तास स्वतःच्या चित्रांची सालटी काढली. हा दंड खांद्यातून निघतच नाही, हा गुडघा उलटा वळलाय, उडताना माणसाची मान अशी राहील का? हेडमास्तर खूश! सेतुराव संध्याकाळी छापखान्यात आले ते तोंड पाडून. मला वाटलं, अपमान झोंबला. तर म्हणाले, "भीमू, दंड खरंच चुकलाय रे."

झालं असं, की ते हाडाचे मास्तर, त्यांनी पुढच्या अंकात दंड सुधारला. गुडघाही, मानही. आणि वर्गात पोरं म्हणायला लागली, ड्रॉइंग सरांनी सांगितलं ते वल्लूरू वीरनने ऐकलं! तो महिना सेतुरावांना धड जेवण गेलं नाही.

*

वाचकांची पत्रं फोडायचं काम माझ्याकडे. त्यात दर महिन्याला न चुकता एक पत्र यायचं, खाली सही 'अलमेलु, आडुतुरै'. या बाईंची नजर घारीची. मागच्या अंकात वीराच्या डाव्या गालावर तीळ होता, या अंकात उजव्या गालावर कसा? पानांच्या वखारीला दोन दारं होती, तिसरं कुठून आलं? शेवटी मात्र नेहमी एकच विनंती असायची, कन्नैय्या कोण आहे हे त्याच्या आईला कधी कळू देऊ नका. सेतुराव अलमेलूचं पत्र सगळ्यांत आधी मागायचे. म्हणायचे, अख्ख्या तंजावर जिल्ह्यात चित्र बघावं कसं हे या एका बाईला कळतं.

मग सहामाही परीक्षा आली. पेपर छापायला आमच्याकडे. हेडमास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला इतिहासाचा पेपर माझ्यापुढे आला. मी खिळे जुळवायला घेतले आणि दुसऱ्याच ओळीला हात थांबला. त्यातल्या तमिळ 'ळ'चं शेपूट झोपलेल्या मांजरासारखं गुंडाळलेलं. ते शेपूट मी वर्षभर बघत होतो.

खणातून अलमेलूचं पत्र काढलं, पेपरशेजारी ठेवलं. तेच ळ, तीच तिरकी वेलांटी, तीच जांभळी शाई.

सेतुरावांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोन्ही कागद निरखून पाहिले आणि पत्राची घडी घालून माझ्या हातात परत दिली. म्हणाले, "हे कुणाला बोलायचं नाही. मुदलियारांनासुद्धा नाही. तो माणूस उद्या पोरांसमोर उभा कसा राहील?" स्वतःची भाकरी त्या माणसाच्या सहीवर टांगलेली, आणि यांना त्याच्या अब्रूची काळजी! मला रागच आला, खोटं कशाला सांगू.

*

आणि घोटाळा झाला तो डांगराने.

एका अंकात सेतुरावांनी कन्नैय्याला जेवायला बसवलं. केळीचं पान, आई वाढतेय, आणि कोपऱ्यात द्रोणात दह्यात कालवलेलं उडदाच्या पिठाचं पांढरं डांगर, वर मोहरी-कढीलिंबाची फोडणी. आता पानांच्या वखारीतल्या तमिळ कारकुनाच्या घरी उडदाचं डांगर कुठून येणार? ते आम्हा रावांच्या घरचं. पण सेतुरावांनी आपल्या आईचं वाढणं आठवत चित्र काढलेलं. भूक लागली होती म्हणाले.

त्याच आठवड्यात सेतुरावांना हेडमास्तरांचं बोलावणं आलं. मी पेपरांची प्रुफं द्यायला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या खोलीत कोपऱ्यात उभा होतो. टेबलावर तो अंक उघडा, आणि त्याच्या शेजारी कायम करायचा कागद, सहीची जागा कोरी.

हेडमास्तरांनी द्रोणावर बोट ठेवलं. "राव, हे काय आहे?"

सेतुरावांना खोटं सांभाळता येत असतं तर वीराचा तीळ एका गालावरून दुसऱ्यावर गेला नसता. म्हणाले, "डांगर, सर."

हेडमास्तर म्हणाले, तुमच्या धाकटीच्या बारशाला मी तुमच्याकडे जेवलो. हे तीनदा मागून घेतलं. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, दुसरीकडे कुठेच मी हे पाहिलेलं नाही.

सेतुराव मान खाली घालून उभे. अलमेलूचं ते घडी केलेलं पत्र तेव्हापासून माझ्या खिशातच होतं, आणि मी सेतुरावांकडे बघत होतो की एकदा खूण तरी करा. त्यांनी केली नाही. हेडमास्तरांनी अंक मिटला, खिडकीबाहेर बघत विचारलं, "कन्नैय्या कोण आहे, ते त्याच्या आईला कळलंय का?"

"कळलंय, सर," सेतुराव म्हणाले. "पहिल्या अंकापासून. बोटांना शाई असते ना."

"मग ती बोलत का नाही?"

"बोलली तर तो उडायचा थांबेल, म्हणून."

हेडमास्तरांनी अंक खणात टाकला, खणाला कुलूप लावलं, आणि आम्हाला जायला सांगितलं. कागद टेबलावर तसाच, सहीशिवाय.

तीन दिवस सेतुराव छापखान्याकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले, पुढच्या अंकाचं एक चित्रही न काढता नुसते बसून राहिले. तेवढ्यात टपाल आलं. आडुतुरैचं पत्र होतं. मी फोडलं, वाचलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"संपादकांस. वखारीतल्या कन्नैय्याची नोकरी सोमवारपासून कायम झाली आहे. हे त्याच्या आईला अवश्य कळवावं, इतर कोणाला कळवू नये. डांगर मात्र पानात डावीकडे वाढतात, उजवीकडे नव्हे. अलमेलु."

मुदलियारांनी चष्मा लावून पत्र वाचलं आणि गेले तीन अंक उलटेपालटे केले. नोकरीचा विषय कुठल्याच पानावर नव्हता. बाई कुठलं वाचून लिहितात कोण जाणे, असं ते पुटपुटत राहिले.

सेतुरावांनी पत्र खिशात घातलं आणि चपला पायात सरकवल्या.

"भीमू," ते म्हणाले, "जरा आईला सांगून येतो."