पसंतीला पाठवलेलं पुस्तक

मंडळी, एक सल्ला हवाय, म्हणून इथं लिहितेय.

मी लातुरात एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. रुजू होताना माझ्या डिग्रीची ओरिजिनल कागदपत्रं संचालक सरांनी ठेवून घेतली. वर्षाच्या मधेच कुणी सोडून जाऊ नये म्हणून आमच्याकडं सगळ्यांचीच घेतात.

सकाळी पुस्तकाच्या दुकानात दोन पुस्तकं चाळत होते. एक कामगारांच्या हक्कांचं, दुसरं नोकरीतल्या असमानतेवरचं. खरं तर पहिलंच हवं होतं. कागदपत्रं अशी अडकवून ठेवता येतात का, हे त्यात होतं. पण कुणी बघितलं तर? असमानतेचं पुस्तक नुसतं अभ्यासाचं वाटतं. भिऊन तेच घेतलं.

दुपारी दुकानदार काकांचा फोन आला. "मॅडम, ते हक्कांचं पुस्तक बी तुमच्या नावाची चिठ्ठी लावून क्लासच्या पार्सलात टाकलंय. पसंतीला. नको असंल तर परत करा."

चांगल्या मनानं केलं हो त्यांनी. आम्हा शिक्षकांची पुस्तकं नेहमी तशीच येतात. पण पार्सल उघडतं सरांच्या टेबलावर.

माझे वडील किल्लारीचे. भूकंपानंतर घरात ताट पडलं तरी ते दाराकडं धावायचे. संध्याकाळी मोबाईल वाजला अन् मीही तशीच दारात जाऊन उभी राहिले.

सरांचा मेसेज होता, "पुस्तक मिळालं. उद्या भेटा."

आता काय बोलू त्यांच्यापुढं? अन् तुम्हीही कुठं शिकवत असाल तर खरं सांगा, तुमची ओरिजिनल कागदपत्रं आज कुणाच्या कपाटात आहेत?