शॉमबर्गमधलं ते एक मत

मागच्या शनिवारी इलिनॉयमधल्या शॉमबर्गला गेलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या स्टेट कॉलेज गावाहून पहाटेच निघालो, ओहायोभर पाऊस... आणि दुपारी सायलीच्या दारात उभा. दार तिच्या बाबांनी उघडलं.

सायलीला तुमच्यापैकी काहीजण ओळखतात. आम्ही एकाच कॉलेजात होतो. ती डिग्री घेऊन घरी गेली, मी मध्येच कॉलेज सोडलं आणि इथेच राहिलो, पिझ्झा डिलिव्हर करत. गेल्या आठवड्यात तिचा ईमेल आला, फ्रिस्कोच्या एका मुलाशी लग्न ठरतंय म्हणून. डोक्यात जो जाळ झाला तो शनिवारपर्यंत विझला नव्हता.

पण त्याआधी गेल्या सप्टेंबरचं सांगायला हवं. निवडणुकीचं वर्ष, २००४. गणपतीला त्यांच्याकडे जेवायला होतो. काका, म्हणजे सायलीचे बाबा, मूळचे नागपूरचे, नोकरी इंजिनिअरची आणि वेड अमेरिकन निवडणुकांचं. तेही जिंकलेल्यांचं नाही, पडलेल्यांचं.

वरणभात कालवता कालवता एकेक काढत होते. बायकांना मतच नव्हतं तेव्हा अध्यक्षपदाला उभी राहिलेली बाई. तुरुंगात बसून निवडणूक लढवलेला कामगारांचा पुढारी, त्याला पडलेली लाखो मतं. नवा पक्ष काढून उभा राहिलेला माजी अध्यक्ष, छातीत गोळी घेऊन आधी भाषण संपवलं, मग हॉस्पिटलात गेला... "सगळे पडले. पण यांचंच बोलणं मोठ्या पक्षांना पुढे उचलावं लागलं," काका म्हणाले.

मी पेटलोच. म्हटलं, यंदा मीही छोट्या पक्षाच्या माणसालाच मत देणार. सैन्य परत आणा असं सरळ म्हणायची दोन्ही मोठ्यांची हिंमत नाही, हा म्हणतोय.

"पेनसिल्व्हेनियात? तिथे काट्याची लढत आहे रे राजा!" काका हसले. "तू म्हणजे ना निखिल, अगदी तिसऱ्या पक्षाचा उमेदवार. भाषण झकास, डिपॉझिट जप्त."

सगळे हसले. सायलीसुद्धा. आमचं जमलंय हे काकांना माहीत होतं, त्यामुळे टोमणा बरोबर जिथे लागायचा तिथे लागला.

नंतर ड्राइव्हवेवर सायली म्हणाली, "आपण ट्रेड करू या. तू तिकडे माझ्या कँडिडेटला मत दे, मी इकडे तुझ्या." इलिनॉयचा निकाल ठरल्यासारखाच होता, तिथे एक मत इकडचं तिकडे झालं तर काही बिघडत नव्हतं. पेनसिल्व्हेनियात बिघडलं असतं. लोक तर इंटरनेटवर अनोळखी माणसांशी अशी अदलाबदल करत होते... आम्ही प्रेमात होतो. निदान मी तरी होतो.

आमच्या अपार्टमेंटमधली बाकीची पोरं व्हिसावर. मी आठवीत आई-बाबांबरोबर आलो, सिटिझन झालो, म्हणून मतदान करणारा मी एकटाच. रांगेत उभा राहिलो आणि ज्याच्या भाषणांना टीव्हीसमोर बसून शिव्या घातल्या होत्या, त्याला मत देऊन आलो. तिच्यासाठी. आमच्या राज्यात तो जिंकला, देशात पडला.

पुढे काही आठवड्यांनी त्यांच्याकडच्या निवडणूक ऑफिसने प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे वेबसाइटवर टाकले. सायलीच्या घराजवळचं केंद्र शोधून काढलं. माझ्या माणसासमोर आकडा होता... एक.

मी ओरडलोच. रूममेट किचनमधून धावत आला. "काय रे, तुझा जिंकला की काय?"

"हो," म्हटलं.

सगळा हिवाळा त्या एका मतावर काढला. तिचे फोन कमी होत गेले, मी म्हटलं बिझी असेल. बर्फात गाडी रुतायची, गिऱ्हाइकं थंड पिझ्झ्यावरून झापायची, आणि मी मनात म्हणायचो... कुणी बघत नसताना तिने शब्द पाळला. आणखी काय पाहिजे माणसाला?

तर शनिवारी दारातच सुरू झालो. "काका, तुम्ही तिच्यावर प्रेशर टाकताय! तुमच्या केंद्रावर माझ्या उमेदवाराला जे एक मत पडलं ना, ते सायलीचं आहे. माझ्यासाठी दिलंय तिने. ती मला सोडून जाईल?"

काका दार धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "निखिल... ते मत माझं होतं."

"तुमचं? तुम्ही तर हसला होतात!"

"तो एकटाच लढाई थांबवा म्हणत होता रे. म्हटलं, त्याच्यापुढे शून्य दिसायला नको."

मागे जिन्यावर सायली उभी होती. "आय कुडन्ट, यार," ती म्हणाली. "तिथे गेले, तुझं आठवलं सगळं... पण मला जे वाटलं तेच केलं. मग तू फोनवर इतका खूष होतास, की सांगताच आलं नाही."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर नुसती सुटका होती.

काका म्हणाले, आत ये, दोन घास खाऊन जा. नाही गेलो. ते पावसात गाडीपर्यंत आले, खिडकीत वाकून म्हणाले, "तो मुलगा मी नाही आणलेला बाबा. तिनेच निवडलाय." म्हणजे चिडायला काका होते, तेही गेले.

इंडियानात गॅस भरायला थांबलो आणि पंपाशीच रडलो. मागचा हॉर्न वाजवत होता, त्याच्यावर धावून गेलो... तो बिचारा काच वर करून बसला.

राग अजून आहे. तिच्यावर, फ्रिस्कोवर, त्या वेबसाइटवर. पण काका गप्प बसले असते तर पुढची निवडणूक येईपर्यंत मी ते मत उराशी धरून बसलो असतो. स्वतःच्या मुलीला खोटं पाडून त्यांनी मला खरं सांगितलं, तेही मी त्यांच्याच दारात त्यांच्यावर ओरडत असताना.

थँक्यू, काका.

आज सकाळी तिचा नंबर फोनमधून काढून टाकला. पाठ आहे, ते वेगळं...