चौकशीताईची हनुवटी

आमच्या ऑफिसात तिला सगळे चौकशीताई म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. "जन्म चौकश्या करण्यात गेला, आता नाव काय गुलाब ठेवणार?" असं म्हणून ती पुढच्या गल्लीचे फॉर्म पॅडला लावायला घ्यायची.

काम आमचं दोघींचं एकच. कुठल्यातरी कंपनीला कुठलीतरी वस्तू बाजारात आणायची असते, आणि लोक ती घेतील का, हे तिला आधी कळायला हवं असतं. ते कळवायला आम्ही. दारोदार जायचं, प्रश्न वाचायचे आणि पाच चौकटींपैकी एकीत खूण करायची: नक्की घेईन, बहुतेक घेईन, सांगता येत नाही, बहुतेक घेणार नाही, मुळीच घेणार नाही. माणसाचं मन पाच चौकटींत बसतं असं ज्याने ठरवलं, त्याला बायकामुलं नसावीत. पण पोट त्यावर चालतं, म्हणून मी गप्प बसते.

ती या कामात आली ती पावाच्या दुकानातून. तिथे ती गल्ल्यावर होती आणि गिऱ्हाईक दारात दिसलं की ते काय मागणार हे तिला आधीच कळायचं, असं ती सांगायची. इथे आल्यावर तिने स्वतःची पद्धत बसवली. बेल एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे दाराच्या भिंगातून आपण अख्ख्या दिसतो आणि आतलं माणूस बिचकत नाही. शेजारीण डोकावली तर तिला गोड बोलून कटवायचं, कारण दुसरी बाई पहिलीचंच उत्तर देते. आणि पाचवा प्रश्न होईपर्यंत पाणी घ्यायचं नाही. "पाणी दिलं की आपण पाहुणे झालो, आणि पाहुण्याला तोंडावर कोण नाही म्हणतंय?" नव्या मुलींना ती हे घोकून घ्यायला लावायची. मीही सगळं तिच्याकडूनच शिकले.

तिचं घर रस्त्याला लागून, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीला मोठी खिडकी, खिडकीला लाकडी फळी, आणि फळीमागे तिचा नवरा. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते किल्ल्या करून देतात. भिंतभर खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, टेबलाला किल्ली पकडायचा व्हाइस, हातात कानस. माणूस अबोल. गिऱ्हाईक हरवलेल्या किल्लीची सगळी रामकहाणी ऐकवायचं आणि हे "हं, हं" करत घासत बसायचे. तेवीस वर्षं त्यांचा सगळा संसार, गप्पा, भांडणं, ओळखीपाळखी त्या खिडकीतूनच चालल्या होत्या.

आणि तीच खिडकी आता जाणार होती. मोठ्या रस्त्यापलीकडे नव्या इमारती उभ्या राहिल्या. तिच्या दोन बहिणी तिकडे गेल्या, मग मी गेले, आणि मग तिलाही वाटायला लागलं की आपणच तेवढ्या मागे राहिलो. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट ठरला. जुनं घर घ्यायला माणूस तयार होता. सोमवारी कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. चौथ्या मजल्यावर किल्ली करून घ्यायला कोण चढणार, हा विषयच कोणी काढला नाही. तिने नवऱ्याला विचारलं होतं आणि ते हो म्हणाले होते. तिच्या लेखी फॉर्म भरून झाला होता.

माझाही त्यात हात होता, ते मी लपवत नाही. त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर मी तीन वर्षं राहते. वारा काय, उजेड काय, लिफ्ट काय! मी तिच्यापुढे इतके गोडवे गायले की बिल्डरने मला पगार द्यायला हवा होता. पण घर घेऊन बसल्यावर त्याला वाईट कोण म्हणतं? आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला की माणूस धोंडा किती मऊ आहे तेच सांगत फिरतो.

तर त्या आठवड्यात, गुरुवारी, साहेबांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. सहा महिन्यांपूर्वी एका कंपनीसाठी आम्ही विचारणा केली होती. कपडे वाळवायचं विजेचं कपाट. ओले कपडे आत टांगायचे, बटण दाबायचं, तासाभरात कोरडे. चौकशीताईच्या ऐंशी घरांपैकी एकाहत्तर घरं 'नक्की' किंवा 'बहुतेक' म्हणाली होती. आता त्या भागातल्या दुकानांत कपाटं धूळ खात पडली होती.

"त्याच घरांत पुन्हा जा," साहेब म्हणाले. "दोघी जा. फॉर्म घरी बसून तर भरले नाहीत ना, ते मला कळू दे."

हे तिच्या तोंडावर म्हणाले. तिचा चेहरा पडला. "साहेब, एकेक दार वाजवलंय मी," एवढंच ती बोलली. मला साहेबांचा असा राग आला की विचारू नका. या बाईने आयुष्यात खोटी खूण केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ती विचारणार, मी नुसतं बघणार.

पहिली शिवणकाम करणारी बाई. चौकशीताईला तिने लगेच ओळखलं. "तेव्हा घ्यायचंच होतं हो! अगदी मनापासून. पण तुम्ही गेलात आणि संध्याकाळी मला आठवेचना, कशाला हवं होतं ते."

दुसरे एक निवृत्त मास्तर. "समोरच्या कंपाउंडरने घेतलं की घेणार. आधी त्याला काय अनुभव येतो ते बघू." आम्ही समोर गेलो. कंपाउंडर म्हणाला, "मास्तर शिकलेला माणूस. त्यांनी घेतलं की मी डोळे मिटून घेणार." सहा महिने ते दोघं एकमेकांच्या गॅलरीवर डोळा ठेवून दोरीवर कपडे वाळत घालत होते.

पुढच्या घरातल्या सुनेने आवाज खाली आणला. "सासूबाई आतून ऐकत होत्या. नको म्हटलं असतं तर म्हणाल्या असत्या, हिला कसली हौसच नाही." तेवढ्यात सासूबाई स्वतःच बाहेर आल्या. "अगं, मला कुठे हवं होतं? तुला हवंय असं वाटलं, म्हणून मी गप्प बसले!" दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आम्ही हळूच चपला घातल्या.

शेवटी एका घरात कपाट सापडलं. पोस्टात काम करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या बाई. मी कपाटाचं दार उघडून पाहिलं तर आत ओळीने चपला आणि एक छत्री.

"मग घेतलंत कशाला?" मी न राहवून विचारलं.

"यांनी लिहून घेतलं होतं ना," त्या चौकशीताईकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी आपली 'नक्की' म्हणून बसले. शब्द मोडायचा कसा?"

ऐकून मला हसू आलं, चौकशीताईला आलं नाही. नव्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न उरला होता. तिने तो वाचला: पुढच्या सहा महिन्यांत हे कपाट घ्याल का? आणि काय सांगू, चपला ठेवणाऱ्या त्या बाई, ज्यांच्या घरात कपाट उभं होतं, त्यासुद्धा म्हणाल्या, "घेऊ की अजून एक. नक्की."

तेव्हा मला ते दिसलं. सकाळपासून सगळी घरं हा शेवटचा प्रश्न आला की 'नक्की, नक्की' करत होती, आणि मला कारण उमगत नव्हतं. 'नक्की घेईन' वाचताना चौकशीताईची हनुवटी इवलीशी खाली यायची आणि भुवया वर जायच्या. 'मुळीच घेणार नाही' वाचताना आवाज असा पडायचा, जणू घरात कोणी आजारी आहे. पेनही आधीच पहिल्या चौकटीवर जाऊन बसलेलं.

मला पोटात ठेवता येत नाही. जिन्यातच मी म्हणाले, "अगं, लोकांच्या आधी तूच हो म्हणतेस!"

तिला ते पटेना. मग कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाच्या काचेसमोर मी तिला उभी केली आणि प्रश्न वाचायला लावला. हनुवटी हलली. तिने पुन्हा वाचला. पुन्हा हलली. मग तिने एका हाताने हनुवटी धरून ठेवली, तर भुवया उडाल्या. आतला दुकानदार आम्हा दोघी वेड्यांकडे बघत होता.

"म्हणजे नऊ वर्षं मी दारोदार फिरून माझंच मत गोळा केलं?" ती म्हणाली.

"तुला तरी ते कपाट हवंय का?"

"मला? मला कुठे हवंय!"

हा तर आणखीच घोळ झाला. तिला नको, लोकांना नको, आणि सगळे मिळून नक्की घेणार. मग ते 'हो' आलं कुठून? मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "मला वाटायचं, कंपनीला बरं वाटेल." आणि कंपनी तर आमच्या भरवशावर बसली होती! माझं डोकं गरगरायला लागलं.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. मला वाटलं, नोकरीच्या धास्तीने. पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "फ्लॅटचंही घरी त्यांना मीच विचारलं होतं," ती म्हणाली. "याच तोंडाने. आणि ते एकदा हो म्हणाले की मोडणाऱ्यातले नाहीत." सोमवारला मध्ये दोनच दिवस होते.

"घरी जाऊन पुन्हा विचार," मी म्हणाले.

"मी कशी विचारू? माझी हनुवटी बघतील. तू विचार. मी आत बसते. तुझी हनुवटी हलत नाही."

"माझ्या दोन आहेत, हलायला जड जातात," मी म्हणाले, पण तेव्हा ती हसली नाही.

तिच्या घरी गेलो. ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. भाऊजी एका पेटीची किल्ली घासत होते. मी फळीसमोर, रस्त्यावर उभी राहिले, गिऱ्हाइकासारखी. एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर प्रश्न लिहिला होता तो दगडासारखं तोंड करून वाचला: नव्या घरात राहायला जायचं आहे का? नक्की, बहुतेक, सांगता येत नाही, बहुतेक नाही, मुळीच नाही.

त्यांनी कानस खाली ठेवली आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "जाऊ की. तुम्ही इतकं चांगलं म्हणता."

"माझं सोडा हो, भाऊजी. तुमचं सांगा."

"तिला हवंय ना."

"तिचंही सोडा."

ते अडले. अगदी खरोखर अडले. "मग राहिलं कोण?" त्यांनी मला विचारलं. चिडून नाही, चेष्टेने नाही. त्यांना माहीतच नव्हतं. त्या क्षणी मला त्यांची इतकी दया आली, आणि स्वतःची लाज वाटली.

मागून एक गाडी गेली, धूळ उडाली. फळीवर पडलेला पितळेचा भुगा त्यांनी तळहाताने एका बाजूला सारला. मग म्हणाले, "ताई, एक विचारू? खरं सांगा. तुम्हाला तिथे करमतं का?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तीन वर्षं तेच तर बोलत आले होते.

"नाही," मी म्हणाले.

तोंडातून शब्द गेला आणि मीच दचकले. भाऊजींनी मात्र मान हलवली, किल्ली उचलली, आणि शांतपणे म्हणाले, "मग मलाही नको." मागचं दार उघडलं. चौकशीताई आली, तिने टेबलावरचा फोन घेतला आणि फ्लॅटवाल्यांना सांगून टाकलं की सोमवारी आम्ही येत नाही. डोळे भरले होते, पण चेहरा असा मोकळा झाला होता की तिलाही ते घर कधी हवं नव्हतं, हे कोणालाही वाचता आलं असतं.

साहेबांना तिने स्वतःच सगळं सांगितलं, हनुवटीसकट. साहेबांचा विश्वास बसायला वेळ लागला. आता ती फोनवर प्रश्न विचारते. हनुवटी अजून हलतेच, पण कोणाला दिसत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी तिथून निघाले ती वाटभर एकच गोष्ट घोळवत. ते 'नाही' माझं होतं का? की त्या माणसाला तेच ऐकायचं होतं, ते मी त्याच्या डोळ्यांत वाचलं आणि बोलून दाखवलं? कालपर्यंत कोणी विचारलं असतं तर मी 'नक्की' म्हणाले असते, आणि मला वाटतं, तेही खरंच म्हणाले असते. मला काही म्हणजे काही कळेना.

घरी आले तेव्हा माझा नवरा गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. मी पर्स न ठेवताच विचारलं, "तुला इथे करमतं का रे?"

"असं काय विचारतेस?" तो म्हणाला. "तुला आवडलं म्हणून तर आलो ना आपण इथे."

आणि मी तीन वर्षं समजत होते, त्याला आवडलं म्हणून आलो.