शेजारच्याने म्हणायचा उपकार

आमच्या घरी ताटं वाढली तरी पोळी मोडायची नाही. आधी उपकारस्तुती. सासरे, म्हणजे आमचे पप्पा, डोळे मिटायचे आणि मग प्रत्येकाने त्या दिवसातल्या एका गोष्टीसाठी देवाचे उपकार मानायचे. मागणी सकाळच्या प्रार्थनेत. संध्याकाळी काही मागायचं नाही. कालची गोष्ट आज चालायची नाही. आणि कुणी घरात नसेल तर त्याचा उपकार त्याच्या शेजारी बसणाऱ्याने म्हणायचा. पप्पा केंद्र सरकारच्या नोकरीसाठी नगरहून दिल्लीला आले तेव्हापासून हा नेम होता. लग्न होऊन आले तेव्हा मला भारी वैताग यायचा. भाजी गार होते त्याचं काय? पण सवय लागली. बस वेळेवर मिळाली तरी मनात यायचं, चलो, आजचं झालं.

पप्पा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही नोएडाच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. टेलिफोनचा तर पत्ताच नव्हता. नवीन कंपन्या धडाधड निघत होत्या, त्या वाऱ्यात माझ्या नवऱ्याने सरकारी नोकरीला लाथ मारून पानिपतला चादरी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत काम धरलं होतं. रोज बसने जाऊन येऊन. सोबतीला ऑफिसमधलाच, दिल्लीत शाहदऱ्याला राहणारा एक मित्र. तो पुढे पळून बसमध्ये चढायचा आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून याची जागा धरायचा. डबाही दोघांचा एकत्रच. त्याच्याकडच्या मेथीचं याने इतकं कौतुक करावं की माझं डोकं फिरायचं.

थंडीतला शनिवार होता. शनिवारी अर्धा दिवस, चहाला हा घरी असायचा. चहा झाला, दिवे लागले, पण याचा पत्ता नाही. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे सरदारजी बस अड्ड्यावरून आले आणि जिन्यातच सांगू लागले की पानिपतहून निघालेली दुपारची बस ट्रकवर आदळली, बरीच माणसं गेली. माझा चेहरा बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं, हा त्याच बसने येतो. कोपऱ्यावरच्या बूथवरून याच्या ऑफिसला फोन लावला. नुसती घंटा वाजत राहिली. सरदारजींनी काही न विचारता स्कूटर काढली आणि ते बघायला गेले. पप्पा, मी आणि आमची लहान मुलगी मागे राहिलो.

सात वाजले तसं पप्पा म्हणाले, ताटं घे. मला वाटलं, हातातला डाव भिंतीवर मारावा. माणूस जिवंत आहे की नाही माहीत नाही, आणि यांना ताटं हवीत! पण सासूबाई गेल्या त्या संध्याकाळीही हे चुकलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. याचंही ताट मांडलं.

मम्मीने खूप वेळ टीव्ही बघू दिला म्हणून मुलीने थँक्यू म्हटलं. पप्पांनी सरदारजींबद्दल उपकार मानले. मग माझी पाळी. माझ्या शेजारचा पाट रिकामा होता.

"त्याचा म्हण," पप्पा म्हणाले.

"मी नाही म्हणणार. तो येईल आणि स्वतः म्हणेल. आणि नाही आला, तर पप्पा, या घरात मी परत तोंड उघडणार नाही."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना उलटून बोलले. ते रागावले नाहीत. डोळेही उघडले नाहीत.

"मग थांबू या," म्हणाले.

आम्ही थांबलो. आमटीवर साय धरली. मुलीला मी पोळीचा लाडू करून दिला. तिच्याकडे बघवत नव्हतं.

खाली स्कूटर थांबली. जिन्यात दोन माणसांची पावलं वाजली. मी दार उघडलं आणि याला आधी दोन्ही हातांनी धोपटलं, मग घट्ट धरलं. याच्या स्वेटरला चिखल होता, आणि चिखल नव्हता असंही काही होतं. ऑफिसात विसरलेला डबा आणायला हा मागे फिरला आणि तेवढ्यात बस सुटली. मित्र खिडकीतून रुमाल हलवून याला बोलावत होता. मागच्या बसने निघालेला हा वाटेत गर्दी बघून उतरला. मित्राला दिल्लीच्या हॉस्पिटलात नेलं, त्याचा भाऊ येईपर्यंत तिथेच बसला. सरदारजींना हा तिथेच भेटला.

"गेला तो," एवढंच म्हणाला.

हात धुऊन हा पाटावर बसला. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, देवाचे उपकार, बस चुकली तुझी.

"ते नको," पप्पा हळूच म्हणाले. "त्या बसमध्ये माणसं होती."

मला राग आला. मला तेच म्हणायचं होतं. खरं सांगायचं तर मनात मी ते आजही म्हणते.

याने ताट थोडं पुढे सरकवलं.

"पप्पा, माझा राहू दे. त्याचा म्हणतो. शेजारी मीच बसायचो."

त्याने डोळे मिटले.

"प्रभू, आज त्याला खिडकीची जागा मिळाली होती. रोज तो मला द्यायचा. त्याबद्दल तो तुझे उपकार मानतो."

आमेन नेहमी पप्पा म्हणायचे. त्या दिवशी त्यांच्याने होईना. मग मीच म्हटलं.