मागे बसणारा इल्गोनिस

सिगुल्डा गावच्या बर्फाळ उतारावर बॉबस्लेड ही दोघांची घसरगाडी शिकायला येणाऱ्या पोरांना इल्गोनिस पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायचा. शेवटची रेघ ओलांडल्याशिवाय ब्रेक ओढायचा नाही. ब्रेकचे दात बर्फ फाडतात. वळणात ओढला तर घसरगाडी आडवी होते.

"आणि भीती वाटली तर?" बुटक्या रेनार्सने विचारलं.

"घरी जाऊन आईला सांग."

पोरं खिदळली. इल्गोनिसही हसला. उभं आयुष्य तो गाडीत मागे, ब्रेकपाशी बसला होता. मागच्याने गाडी ढकलत धावायचं, उडी मारून आत शिरायचं, मान गुडघ्यांत घालायची. वाट फक्त पुढच्याला दिसते. दर खेपेला भीतीने त्याची गाळण उडायची. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आज पुढे सिंतिया होती. चौदा वर्षांची. हिवाळाभर व्यायामशाळेत लाकडी खोक्यात बसून, डोळे मिटून, तिने एकेक वळण हातांनी घोकलं होतं. वळवायच्या खऱ्या दोऱ्या आज पहिल्यांदाच हातात आल्या होत्या.

"काका, तोंड पांढरं पडलंय तुमचं."

"थंडीने."

निघाले. गाडीचा पत्रा खडखडू लागला. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्यात गाडी बर्फाच्या भिंतीवर चढू लागली. चढतच राहिली. आता उलटणार. पोरीची मान मोडणार. त्याच्या हातांनी ब्रेक ओढला.

बर्फ करकरला. गाडीची मागची बाजू भिंतीवर आदळली. सिंतियाने दोरी खेचली, जरा सोडली, पुन्हा खेचली. गाडी सरळ झाली.

खाली तिने हेल्मेट काढलं.

"मी भिंतीवरून उतरवतच होते गाडी. तुम्ही ओढलात."

"ओढला. घाबरलो."

उतारावरचा बर्फ सांभाळणारा म्हातारा ब्रेकने पडलेला चर बुजवायला बादली घेऊन निघाला होता. "कुठल्या कार्ट्याने ओढला?"

"मी," इल्गोनिस म्हणाला. म्हातारा हसत पुढे गेला.

"तुझ्यामागे दुसऱ्या कोणाला बसवतो," इल्गोनिस सिंतियाला म्हणाला.

"कशाला? दुसरा किती घाबरतो, मला काय ठाऊक. तुमचं कळलंय. त्या वळणात ओरडून सांगेन, गाडी माझ्या हातात आहे म्हणून."

"ऐकू नाही आलं तर?"

"तर खाली आल्यावर बघते तुमच्याकडे."

चर बुजला. दोघं पुन्हा निघाले. दुसऱ्या वळणात गाडी चढू लागली. पुढून आवाज आला, पण शब्द कळेनात. सांगत होती, की किंचाळत होती?

इल्गोनिसने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.